रेखांश एकट्याला सापडत नाही

रत्नागिरीच्या शाळेत भूगोल शिकवताना 'अक्षांश-रेखांश' हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं एका दमात उच्चारत आले. पाठ्यपुस्तकात ते जोडीने येतात, नकाशावर एकमेकांना छेदतात, प्रश्नपत्रिकेत दोन-दोन गुणांना विचारले जातात. पुढे त्यातल्या रेखांशाने मला धरून ठेवलं. मग वाचन झालं, गच्चीवर सावल्या मोजून झाल्या, ग्रहणाच्या रात्री जागून झाल्या, बंदरावर जाऊन विचारपूस झाली. त्यातून जे उमगलं ते इथे लिहिते आहे. तुमच्या गावाचे आकडे वेगळे असतील, तेवढे बदलून वाचा.

१. अक्षांश एकट्याने काढता येतो. रेखांशाला दुसरं कुणीतरी लागतं. रत्नागिरीत ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १७ अंश वर दिसतो आणि आमचा अक्षांशही तेवढाच, १६ अंश ५९ मिनिटं. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की तारा दुसऱ्या मुठीच्या आतच सापडतो. कुणाला काही विचारावं लागत नाही. रेखांशाचं तसं नाही. जमैकातलं किंग्स्टन आमच्यापेक्षा जेमतेम एक अंश उत्तरेला आहे, आणि पूर्व-पश्चिम अंतर मोजलं तर जवळजवळ बरोबर १५० अंशांवर. म्हणजे आज रात्री माझ्या डोक्यावरून जे तारे जातात, तेच दहा तासांनी किंग्स्टनच्या माणसाच्या डोक्यावरून जातात, त्याच क्रमाने, जवळपास त्याच उंचीवरून. मला झोपेत उचलून तिथे नेऊन ठेवलं आणि घड्याळ काढून घेतलं, तर ताऱ्यांकडे बघून आपण रत्नागिरीत आहोत की जमैकात हे मला सांगता येणार नाही. 'आत्ता रत्नागिरीत किती वाजलेत?' एवढं कुणी सांगितलं की लगेच सांगता येईल. हे पहिल्यांदा नीट कळलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नव्हती.

२. रेखांश म्हणजे वेळच. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. हा गुणाकार मी शेकडो मुलांकडून घोकून घेतला असेल. त्याचं गांभीर्य मात्र अंतरात उतरवल्यावर जाणवलं. कोकणच्या अक्षांशावर घड्याळ एका सेकंदाने ढळलं तर नकाशावरचं ठिकाण सुमारे साडेचारशे मीटर सरकतं. आमच्या घरी जुनी पंचांगं आहेत, त्यात घटिका आणि पळं असतात. साठ घटिकांचा दिवस, म्हणून एका घटिकेला सहा अंश. एक पळ म्हणजे २४ सेकंदं, आणि इथल्या जमिनीवर तेवढ्यात साडेदहा किलोमीटर होतात. वेळेचा हिशेब करणारी आणि अंतराचा हिशेब करणारी जुनी माणसं एकच का असत, ते त्या आकड्यांत दिसतं.

३. दोन गावांचा एकाच दिवसाचा मध्यान्ह टिपला की रेखांशातला फरक हाताने मोजता येतो. मी हे करून पाहिलं आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त आनंद त्यानेच दिला.

नागपूरला माझी एक मैत्रीण शाळेत विज्ञान शिकवते. मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखी असते त्या सुमाराला, आम्ही दोघींनी एकाच दिवशी आपापल्या गच्चीवर काठी उभी केली. काठी सरळ आहे ना हे बघायला मी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. काठीभोवती खडूने वर्तुळ काढलं. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाला स्पर्श करून आत शिरतं. ती वेळ लिहायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते, टोक वर्तुळाबाहेर पडतं. तीही वेळ लिहायची. दोन्हींचा मध्य म्हणजे त्या जागेचा खरा मध्यान्ह. सावली सगळ्यांत आखूड कधी होते हे नुसतं बघत बसलं तर काही हाती लागत नाही, कारण त्या वेळी ती कितीतरी मिनिटं जागची हललीशीच वाटत नाही. वर्तुळ ओलांडताना मात्र ती भराभर सरकते. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकूच्या सावलीवरून दिशा काढायची जी रीत सांगितली आहे, ती याच वर्तुळाची. सावलीचं टोक जवळून पाहिलं तर रेघेसारखं नसतं. फिकट, हलती किनार असते, आणि तिच्यात नेमका बिंदू कुठला हे ठरवताना श्वास रोखला जातो.

संध्याकाळी फोन केला. "सांग तुझा," ती म्हणाली. माझा आला होता १२ वाजून ४५ मिनिटं. तिचा १२ वाजून २१. फरक २४ मिनिटं, म्हणजे ६ अंश. नकाशात बघितलं तर रत्नागिरी ७३ अंश १८ मिनिटांवर आणि नागपूर ७९ अंश ५ मिनिटांवर. खरा फरक ५ अंश ४७ मिनिटं. फोनच्या दोन्ही टोकांना आम्ही काही क्षण गप्प होतो. मग ती म्हणाली, "अगं, काठीने झालं की हे!"

त्यानंतर विचार करताना दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की सूर्य वर्षभर घड्याळाच्या चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. पण तो जेवढा मागे-पुढे माझ्या गच्चीवर, तेवढाच तिच्या गच्चीवर. वजाबाकीत ते सगळं निघून गेलं. दुसरी गोष्ट अशी की सूर्योदयाची वेळ वापरून हे जमलं नसतं. नागपूर आमच्यापेक्षा चार अंश उत्तरेला आहे, त्यामुळे जूनमध्ये तिथला सूर्योदय आमच्याआधी सुमारे ३१ मिनिटं होतो आणि डिसेंबरमध्ये सुमारे १५ मिनिटंच. उगवतीत अक्षांशाची भेसळ असते. मध्यान्हात ती नसते.

आणि एक गोष्ट खूप उशिरा, पुढे कधीतरी स्वयंपाक करताना सुचली. आम्ही दोघींनी वेळ बघितली ती फोनवर, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. ती ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्ताची वेळ. तिसऱ्याच जागेची वेळ आम्हा दोघींच्या हातात आधीपासून होती, म्हणून आमचा प्रयोग जमला.

४. हातात अशी तिसरी वेळ नसेल तर आकाशात असं काहीतरी शोधावं लागतं, जे सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं. चंद्रग्रहण तसं आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर चढते ती उज्जैनला आणि रत्नागिरीला एकाच क्षणी दिसते. तेव्हा दोन्हीकडे स्थानिक वेळ काय होती एवढंच वेगळं. सूर्यसिद्धान्तात हीच रीत आहे. मध्यरेषा लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी. तिच्यासाठी गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा आपल्याकडे ग्रहण उशिरा लागलं तर आपण मध्यरेषेच्या पूर्वेला, आधी लागलं तर पश्चिमेला. फरकाच्या घटिकांवरून अंतर. आपल्याच किनाऱ्यावरच्या नांदगावात, मुरूड-जंजिऱ्याजवळ, गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे १५२० साली 'ग्रहलाघव' रचलं आणि पुढे कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून झाली. उज्जैनपासून नांदगावाचा फरक आजच्या आकड्यांनी काढला तर अठ्ठावीसएक पळांचा येतो. किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात बसून पळांचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

हे किती अवघड होतं ते मला ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कळलं. भाद्रपद पौर्णिमेचं खग्रास ग्रहण होतं, रत्नागिरीत ढग येत-जात होते. रात्री अकराच्या सुमाराला चंद्र पूर्ण सावलीत जायचा होता. मी आणि माझा भाचा शेजारी शेजारी उभे, दोघांच्या हातात घड्याळ. "मावशी, गेला!" तो म्हणाला. माझ्या डोळ्यांना अजून कडेला उजळ रेघ दिसत होती. ती विझल्याचं मला पटलं त्यानंतर मिनिटभराने. सावलीची कडच धूसर असते, त्यात कुणाचा दोष नाही. पण तेवढ्या एका मिनिटात रत्नागिरी सुमारे २७ किलोमीटर इकडची तिकडे होते, आणि आम्ही दोघं तर एकाच गच्चीवर होतो.

५. मिरकरवाडा बंदरावर एका वयस्क तांडेलांशी बोलताना असं कळलं की रेखांश हा शब्द न वापरताही माणसं तो ओळखत होती. आता त्यांच्या नावेवर जीपीएस आहे. मासळीच्या चांगल्या जागांचे आकडे ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या एका वहीत लिहून ठेवतात, पेनाची शाई फुटलेली, कडांना मिठाचे पांढरे डाग. जीपीएस नव्हतं तेव्हा कसं करायचात, असं विचारलं. उत्तर-दक्षिण कळायला ध्रुव आणि किनाऱ्यावरचे डोंगर. आणि किनारा दिसेनासा झाल्यावर? "बाई, खाली किती वाव पाणी हाय त्यावरनं कळतं किती भायेर आलो." घरी येऊन नकाशा उघडला. आमचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण जातो आणि समुद्र पश्चिमेकडे हळूहळू खोल होत जातो. म्हणजे किनाऱ्यापासून 'किती बाहेर' हा प्रश्न इथे रेखांशाचाच प्रश्न आहे, आणि पाण्याची खोली मोजायचा वावांचा दोर हे त्याचं उत्तर. मी इतकी वर्षं फळ्यावर जे शिकवत होते ते या माणसांच्या हातात होतं.

६. भर महासागरात दोराला तळ लागत नाही. तिथे रेखांश न कळण्याची किंमत माणसांच्या जिवात मोजली गेली. ऑक्टोबर १७०७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांच्या खडकांवर ॲडमिरल शॉव्हेल यांच्या ताफ्यातली चार जहाजं फुटली आणि चौदाशेच्या वर माणसं बुडाली. पण मला त्याहून जास्त हलवलं ते १७४१ मधल्या कमोडोर ॲन्सन यांच्या प्रवासाने. जहाजावर स्कर्व्हीने माणसं रोज मरत होती. दक्षिण प्रशांत महासागरातलं हुआन फर्नांडेझ बेट गाठायचं होतं, तिथे ताजं पाणी आणि पालेभाजी मिळणार होती. बेटाचा अक्षांश माहीत होता आणि त्या अक्षांशावर ते पोचलेही होते. आता बेट उजवीकडे की डावीकडे, एवढंच ठरवायचं होतं. आधी पश्चिमेला गेले, मग पूर्वेला वळले, ते थेट चिलीचा किनारा दिसेपर्यंत, मग पुन्हा मागे. ॲन्सन यांच्या सफरीच्या वृत्तांतात या हेलपाट्यात सत्तर ते ऐंशी माणसं गेल्याची नोंद आहे. वर्गात हे सांगते तेव्हा मुलं एकदम शांत होतात.

ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये बक्षीस लावलं. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश देईल त्याला २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. सहा आठवड्यांच्या प्रवासात दोन मिनिटं, म्हणजे दिवसाला तीन सेकंदांहूनही कमी चूक; तीही हलत्या जहाजावर, थंडीतून उष्ण कटिबंधात जाताना, जिथे तेल पातळ होतं आणि धातू वाढतो.

७. जॉन हॅरिसन यांच्याबद्दल वाचताना मला त्यांच्या हुशारीपेक्षा त्यांनी काय सोडून दिलं याचं जास्त आश्चर्य वाटलं. जन्म १६९३ चा, धंदा सुताराचा. त्यांची सुरुवातीची घड्याळं लाकडाची होती. आपणच तेल सोडणारं लाकूड वापरून त्यांनी वंगणाची गरजच काढून टाकली. समुद्रासाठी केलेलं पहिलं घड्याळ १७३५ मध्ये पुरं झालं, भलंमोठं यंत्रच ते. मग दुसरं. मग तिसरं, ज्याच्यावर त्यांची १९ वर्षं गेली. ते तिसरं चालू असतानाच, १७५३ मध्ये, त्यांच्या सांगण्यावरून एका कारागिराने एक खिशातलं घड्याळ करून दिलं आणि ते अपेक्षेबाहेर चांगलं चाललं. मोठ्या, संथ यंत्रापेक्षा लहान, वेगाने धडधडणारं चक्र जहाजाच्या हेलकाव्यांना कमी दाद देतं, हे त्यांनी ओळखलं. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने अर्ध्या आयुष्याची वाट सोडली आणि १७५९ पर्यंत चौथं घड्याळ केलं. तेरा सेंटिमीटर व्यासाचं, दीड किलोच्या आतलं. १७६१-६२ मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला गेला. ठरलेली रोजची चाल जमेस धरल्यावर ते अवघी पाच सेकंदं मागे पडलेलं निघालं. जमैकात पाच सेकंदं म्हणजे सव्वादोन किलोमीटर. पार्लमेंटने अर्धा अंश मागितला होता, म्हणजे तिथे पन्नासएक किलोमीटर.

पुढचं दुःखाचं आहे. बक्षीस ठरवणाऱ्या मंडळाचं समाधान झालं नाही, पुन्हा चाचणी झाली, घड्याळाची रचना उघड केल्यावर १७६५ मध्ये १०,००० पौंड मिळाले आणि उरलेल्या रकमेसाठी त्यांना राजापर्यंत जावं लागलं. १७७३ मध्ये पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले. तेव्हा ते ऐंशीचे होते. तीन वर्षांनी गेले.

८. हॅरिसन यांच्या कहाणीत नेव्हिल मॅस्केलिन या राजज्योतिषींना खलनायक करण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. त्यांचा भरवसा घड्याळापेक्षा चंद्रावर होता, एवढंच. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. तुम्हीही बघू शकता: रोहिणीजवळ चंद्र आला की तासाभराच्या अंतराने दोनदा बघा, फरक डोळ्यांना दिसतो. चंद्र आणि एखादा तारा यांमधलं अंतर कोनात मोजलं आणि तेवढं अंतर ग्रिनिचला किती वाजता असणार हे पुस्तकात आधीच छापलेलं असलं, तर आकाशच ग्रिनिचची वेळ सांगतं. असं पुस्तक, 'नॉटिकल ॲल्मनॅक', मॅस्केलिन यांनी १७६७ सालापासून काढलं. पूर्वी ज्या हिशेबाला चार तास लागत तो त्यामुळे अर्ध्या तासावर आला. त्यासाठी लागणारे कोष्टकांचे डोंगर घरोघरी बसून हिशेब करणारी माणसं उपसत, आणि त्यांत लडलो गावातली मेरी एडवर्ड्स नावाची बाई होती. घर सांभाळून ती आकडे काढायची आणि टपालाने पाठवायची. त्या पुस्तकासाठी निवडलेल्या मोजक्या ताऱ्यांची यादी वाचताना मी थबकले. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण. चंद्राच्या वाटेवरचे ठळक तारे दुसरे आणणार कुठून? आपल्याकडे चंद्राचा मुक्काम ज्यांच्यावरून सांगतात त्यांतलेच हे.

पुढे जहाजांवर दोन्ही गोष्टी नांदल्या. घड्याळ रोजच्या वापराला आणि घड्याळ बिघडलं का हे बघायला चंद्र.

९. शून्य रेखांश निसर्गात नाही. तो माणसांनी बसून ठरवला. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यातून आपोआप येतं. रेखांशाचा आरंभ मात्र उज्जैनहून करा, पॅरिसहून करा, ग्रिनिचहून करा, पृथ्वीला काही फरक पडत नाही. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद झाली आणि ग्रिनिचच्या बाजूने २२ मतं पडली. फ्रान्स तटस्थ राहिला आणि १९११ पर्यंत त्याने पॅरिसचीच वेळ पाळली.

पॅरिसचा हट्ट वाचून नवल वाटायचं कारण नाही, कारण आपल्या मुंबईने तेच केलं. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १८८१ मध्ये सरकारने तिच्यावर मद्रासची वेळ लादली आणि विरोधामुळे दोन वर्षांत मागे घेतली. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबई पुन्हा रागावली, गिरणी कामगारांनीही निषेध केला, आणि मुंबई वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' छापलेलं दिसतं ते त्यामुळेच. ३९ मिनिटांचा फरक. मुहूर्त चुकायला पुरेसा. घड्याळात बारा वाजावेत आणि सूर्य डोक्यावर नसावा, हे त्या लोकांना खोटं वाटत होतं. मला त्यांचं म्हणणं पटतं. गोंदिया आणि मुंबई यांच्या सूर्यात सुमारे अर्ध्या तासाचा फरक आहे, अरुणाचल आणि कच्छच्या टोकांत जवळजवळ दोन तासांचा. एक घड्याळ सगळ्यांना सोयीचं असलं तरी त्यात प्रत्येकाने काहीतरी सोडलेलं असतं.

राष्ट्रीय पंचांगासाठी मेघनाद साहा यांच्या समितीने संदर्भाचं ठिकाण ठरवलं, तेव्हा रेखांश घेतला प्रमाणवेळेचा, ८२ अंश ३० मिनिटं. अक्षांश मात्र २३ अंश ११ मिनिटं, म्हणजे उज्जैनचा. हे वाचून मला बरं वाटलं.

१०. एका ठिकाणाचा रेखांश ढळला तर सगळा देश ढळतो. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकत गेले आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्या साखळीतलं प्रत्येक गाव शेवटी मद्रासच्या वेधशाळेच्या रेखांशाला टांगलेलं होतं, आणि तो काढला होता गुरूच्या उपग्रहांची ग्रहणं बघून. ती रीत गॅलिलिओची; उपग्रह सापडले १६१० मध्ये. पुढे तारायंत्र आलं, एका टोकाला ठोकलेला संकेत दुसऱ्या टोकाला लगेच ऐकू येऊ लागला आणि मद्रासचा आकडा सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरलेला निघाला. वेळेत दहा सेकंदं. त्या आकड्यावर काढलेल्या नकाशांवर दुरुस्तीची टीप छापावी लागली. कागदावर अख्खा हिंदुस्थान साडेचार किलोमीटर पश्चिमेला सरकला. विहिरी, देवळं, बांध होते तिथेच राहिले.

११. ओळंबाही सगळीकडे पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवत नाही. माझी पुतणी लंडनला असते. ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची पट्टी आहे, तिच्यावर उभं राहून तिने फोनमधला आकडा मला पाठवला: शून्य नव्हे, पाच सेकंद पश्चिम. उपग्रहांनी मोजलेलं शून्य त्या पट्टीच्या १०२ मीटर पूर्वेला आहे. जुन्या दुर्बिणी गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या उभ्या रेषेवर लावल्या होत्या आणि ती रेषा आसपासच्या जमिनीच्या वजनाने किंचित कलते. उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी चोख. गवंड्याचा तो ओळंबा मी परत दिला तेव्हा मला हे माहीत असतं तर त्यालाही सांगितलं असतं.

१२. उपग्रह आले तरी प्रश्न घड्याळाचाच राहिला. फोनला उपग्रहाकडून कळते ती वेळ: 'हा संदेश मी अमुक क्षणी पाठवला.' प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, तेवढ्यावरून अंतर. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते, पण फोनचं स्वतःचं घड्याळ साधं असतं, म्हणून खरी वेळ काढायला चौथा लागतो. शिवाय उपग्रहावरची घड्याळं आइनस्टाइन यांच्या सिद्धांतानुसार दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते आधीच वळतं केलं नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरची चूक साठेल. ठिकाण सांगणाऱ्या आपल्या 'नाविक' या भारतीय उपग्रह-प्रणालीच्या २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. उपग्रह वर शाबूत, पण ठिकाण सांगण्याच्या कामातून बाद. मे २०२३ मध्ये गेलेल्या नव्या पिढीच्या उपग्रहावर प्रथमच भारतात तयार झालेलं अणुघड्याळ होतं. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली आणि मुलांना हॅरिसन यांच्या १९ वर्षांची आठवण करून दिली.

तुम्हालाही काठीचा प्रयोग करायचा असेल तर २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपासचा दिवस धरा. मार्च जास्त बरा, ढग नसतात. पूर्वेला किंवा पश्चिमेला दूर राहणाऱ्या कुणाला तरी आधी फोन करून ठेवा. भाऊ, मावशी, जुना वर्गमित्र, कुणीही चालेल. दोघांच्याही काठ्या ओळंब्याने सरळ करून घ्या, वर्तुळ सकाळी दहाच्या आत काढा, आणि दोघांनी एकाच दिवशी मोजा. एकाकडे आभाळ आलं तर दोघांनीही दुसरा दिवस धरा.